गावच्या मैदानावर नियम कुणाचा?

तोरण्याच्या पायथ्याच्या एका गावची जत्रा. रात्रीचे अकरा वाजत आलेले. हॅलोजनच्या उजेडात फक्कीने आखलेलं मैदान आणि दोरीपलीकडे दाटीवाटीने बसलेली माणसं. मी गुणलेखकाच्या टेबलाशी होतो. शेवटची चार मिनिटं राहिली होती आणि फरक एका गुणाचा होता. पुढे असलेल्या संघाचा चढाईपटू निदानरेषा ओलांडून आला, वेळ काढला आणि कुणालाही न शिवता परत गेला. त्या संघाची ही सलग तिसरी रिकामी चढाई होती. समोरचा कर्णधार हात वर करून पंचांकडे धावला.

"सर, बाद द्या. तिसरी होती."

"इथं तिसरी धरलेली नाही."

"मग आधी सांगायचं ना! आम्ही त्याच हिशोबाने खेळतोय मघापासून."

वीस मिनिटं खेळ थांबला. वडीलधारी मंडळी मध्ये पडली, सामना कसाबसा पुरा झाला, पण हरलेला संघ बक्षीस समारंभाला थांबला नाही. टेम्पोत बसून निघून गेला. त्या मुलांचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. तिसरी चढाई डोळ्यांसमोर ठेवूनच त्यांनी सराव केला होता. पंचांचंही चुकलं नव्हतं, कारण संयोजकांनी त्यांना तसंच सांगितलं होतं. चुकलं ते एवढंच, की हे दोन्ही संघांना आधी कुणी सांगितलं नव्हतं.

भोर तालुका आणि शेजारचा वेल्हे (आताचा राजगड) तालुका, हा सगळा भाताचा मुलूख. सुगी झाली की खाचरं मोकळी होतात आणि पोरांना कबड्डीला जागा मिळते. जत्रा-उरुसाच्या दिवसांत गावोगावी सामने भरतात. अलीकडे प्रत्येक सामन्यात नियमांवरून एखादी तरी हुज्जत होते आणि तिच्या मुळाशी ठरावीक गैरसमज असतात. ते एकदा नीट उलगडून ठेवावेत म्हणून हा लेख.

गैरसमज : कबड्डीचे नियम पूर्वीपासून एकच होते, टीव्हीने ते बिघडवले.

जुन्या खेळाडूंच्या तोंडी हे वाक्य हमखास येतं. त्यांच्या मनातली माया मला समजते, पण वस्तुस्थिती वेगळी आहे. एकच एक कबड्डी कधी नव्हतीच. आपल्याकडे हुतूतू, तमिळ मुलखात चेडुगुडु, बंगालात हाडुडु. नावाबरोबर नियमही बदलत. महाराष्ट्रातच तीन तऱ्हा चालत. संजीवनीत बाद झालेला गडी आपल्या संघाने गुण मिळवला की पुन्हा आत येई. अमर प्रकारात गडी बाद होऊन बाहेर जातच नसे, नुसते गुण मोजले जात. आणखी एका तऱ्हेत बाद गडी अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. आज आपण खेळतो ती संजीवनीची लेक.

हे नियम कागदावर उतरवण्याच्या कामाला गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत वेग आला आणि त्यात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचा मोठा वाटा होता. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. कबड्डीची अखिल भारतीय संघटना १९५० साली उभी राहिली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून जागा मिळाली. या प्रत्येक टप्प्यावर काहीतरी नवीन ठरलं. ज्याला आपण 'जुनी, खरी कबड्डी' म्हणतो तीही एके काळी नव्या नियमांचीच कबड्डी होती.

यातली एक गंमत मला फार आवडते. सामना बरोबरीत सुटला की आज दोन्ही संघांना पाच-पाच चढाया देतात. त्या चढायांत सातही गडी मैदानात राहतात, कुणी बाद होऊन बाहेर जात नाही, कुणी जिवंत होऊन आत येत नाही, फक्त गुण मोजतात. निदानरेषाच त्या वेळी बोनस रेषाही होते. म्हणजे अमर प्रकार गेलेला नाही. बरोबरी फोडायच्या वेळी तो पुन्हा मैदानात उतरतो. ज्यांच्या आजोबांनी अमर कबड्डी खेळली, त्यांनी हे नातवंडांना जरूर सांगावं.

गैरसमज : प्रो कबड्डीत आहे म्हणजे सगळीकडे तोच नियम.

सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ ला सुरू झाली. घरात बसून पाहणाऱ्याला खेळ रंगतदार वाटावा म्हणून लीगने काही नियम ठळक केले. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवायचा, नाहीतर चढाईपटू बाद. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली तर ती अव्वल पकड, तिला एक गुण जादा. हे नियम पुढे लीगबाहेरच्या स्पर्धांतही आले, पण सगळीकडे एकाच दिवशी आले नाहीत. लीग तर अजूनही बदलते आहे. २०२५ च्या बाराव्या मोसमात साखळी सामन्यांतही बरोबरी ठेवायची नाही असं ठरलं, आणि विजयाला दोन गुण, पराभवाला शून्य असा सरळ हिशोब आला. त्याआधी विजयाला पाच गुण होते आणि सातपर्यंतच्या फरकाने हरणाऱ्यालाही एक गुण मिळायचा.

दोन नियमावल्या एकाच मैदानात आल्या की काय होतं, ते ७ ऑक्टोबर २०२३ ला सगळ्या जगाने पाहिलं. हांगझोऊ आशियाई स्पर्धेचा पुरुषांचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. गुणफलक २८-२८. शेवटचं जेमतेम मिनिट. भारताची तिसरी, म्हणजे गुण मिळवायलाच हवा अशी चढाई होती आणि चढाईला पवन सेहरावत होता. कुणाला स्पर्श होण्याआधीच तो बाजूच्या राखीव क्षेत्रात गेला आणि इराणचे बचावपटू त्याच्यामागे आत शिरले.

राखीव क्षेत्र म्हणजे मैदानाच्या दोन्ही बाजूंचा पट्टा. स्पर्श झाल्यावरच तो खेळात धरला जातो. त्याआधी तिथे पाय पडला की गडी बाद. एवढं सगळ्यांना मान्य होतं. प्रश्न होता मागोमाग आत गेलेल्या बचावपटूंचा. जुन्या नियमाने तेही बाद, म्हणजे भारताला चार गुण आणि इराणला एक. लीगमध्ये रुळलेल्या नव्या नियमाने चढाईपटू एकटाच बाद. पंचांचा निर्णय एकदा इकडे, एकदा तिकडे झाला. दोन्ही संघ मैदानातच बसून राहिले. सामना जवळपास तासभर थांबला. अखेर भारताचं म्हणणं मान्य झालं आणि सामना ३३-२९ असा भारताने जिंकला. आपल्या महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे त्या संघात होते. त्यांच्या गळ्यात सुवर्णपदक आलं, पण अंतिम सामन्याची आठवण निघाली की लोक चढाया-पकडी सोडून त्या तासाबद्दलच बोलतात. खेळाडूंवर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, कॅमेरे आणि तांत्रिक अधिकारी हजर असताना हे घडलं. मग आपल्या जत्रेतल्या दोन पंचांना नुसता दोष देऊन काय मिळणार?

गैरसमज : तीस सेकंदांचं घड्याळ आलं, आता दम घुमवायची गरज नाही.

टीव्हीवर दम ऐकू येत नाही, म्हणून मुलांना तो गेल्यासारखा वाटतो. तो गेलेला नाही. 'कबड्डी, कबड्डी' हा उच्चार चढाईभर स्पष्ट चालू हवा. समोरच्या अंगणात दम सुटला तर चढाईपटू बाद आणि उशिरा धरला तर पंच चढाई तिथेच रोखू शकतात. पूर्वी चढाई किती लांबवायची ते छातीतला दमच ठरवायचा, आता वरून तीस सेकंदांची मर्यादाही आली. एकाच्या जागी दोन बंधनं झाली, एवढाच काय तो बदल. दम न घुमवता खेळायची सवय लागलेली गावची मुलं जिल्ह्याच्या निवड चाचणीत पंचांच्या शिट्टीने गोंधळून जातात.

गैरसमज : मिळालेल्या प्रत्येक गुणावर एक गडी आत येतो.

नाही. गडी बाद करून मिळालेल्या गुणावरच आपला गडी जिवंत होतो. बोनसवर नाही, अव्वल पकडीच्या जादा गुणावर नाही, तांत्रिक गुणावरही नाही. समोर किमान सहा बचावपटू असल्याशिवाय बोनसच मिळत नाही. अव्वल चढाईला जादा गुण असतो असंही पुष्कळांना वाटतं. एकाच चढाईत तीन किंवा अधिक गुण मिळवले की तिला ते नाव देतात, वरून काही मिळत नाही. गुणलेखक म्हणून सांगतो, अर्ध्याअधिक तक्रारी इथेच मिटतात.

गैरसमज : खुला गट म्हणजे वजनाची अट नाही.

आपल्या भागात ५५ किलो, ६५ किलो असे गट चालतात आणि त्यापलीकडे 'खुला'. खुल्या गटात कुणी काट्यावर उभं करत नाही. पण संघटनेच्या नियमात वरिष्ठ पुरुषांना ८५ आणि महिलांना ७५ किलोची मर्यादा आहे. कुमार मुलांना वय वीस वर्षांच्या आत आणि वजन ७० किलोच्या आत लागतं, कुमारी मुलींना ६५. किशोर गटात सोळा वर्षं आणि ५५ किलो. गावोगावी बक्षिसं जिंकून आलेला एक उजवा कोपरारक्षक माझ्या ओळखीचा आहे. निवड चाचणीला गेला तेव्हा काटा ८८ वर थांबला. पकड तर लांबच, त्याला मैदानातही उतरू दिलं नाही. परतीच्या एसटीत तो कात्रजपासून कापूरहोळपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्याला वेळेवर कुणी सांगितलं असतं तर तीन किलो कमी करणं त्याला अवघड नव्हतं. मुलांना वेळेवर न मिळालेली माहिती त्यांचं वर्ष खाते, याचं मला फार वाईट वाटतं.

गैरसमज : नियम बदलतात म्हणजे खेळ कच्चा आहे.

शिकलेली माणसंही हे बोलतात. ज्या खेळाच्या स्पर्धा जोरात होतात त्याचे नियम बदलतच राहतात. एक लांबचं उदाहरण देतो. १९९३ साली अमेरिकेत 'मॅजिक : द गॅदरिंग' नावाचा पत्त्यांचा खेळ आला. त्यात प्रत्येक जण आपापले पत्ते जमवून स्वतःचा जोड बांधतो. नवे पत्ते सतत येत राहिले आणि जुने जबरदस्त पत्ते बाळगणाऱ्यांपुढे नवख्यांचा टिकाव लागेना. म्हणून १९९५ साली स्पर्धांचे दोन प्रकार झाले. एकात जुने-नवे जवळपास सगळे पत्ते चालत, दुसऱ्यात फक्त अलीकडचे. पुढे आणखी प्रकार आले, काही पत्त्यांवर बंदी आली, मुदती बदलल्या, खेळाडू चिडले, भांडले. तरी खेळ टिकला, कारण स्पर्धेच्या जाहिरातीतच लिहिलेलं असतं, अमुक प्रकार, अमुक तारखेपर्यंतचे पत्ते. टेबलाशी बसण्याआधीच खेळाडूला सगळं माहीत असतं.

आपल्या संजीवनी आणि अमरचंही हेच होतं. 'आज काय खेळायचं?' हा प्रश्न आधी, मग नाणेफेक. ती सवय मधल्या काळात सुटली.

ती पुन्हा लावायला पैसा लागत नाही. जत्रेच्या पत्रकावर बक्षिसांची रक्कम आणि देणगीदारांची नावं ठळक छापतो, त्याच पत्रकावर पाच ओळी आणखी बसतील. तिसरी चढाई धरणार की नाही. अव्वल पकडीचा जादा गुण देणार की नाही. स्पर्शाआधी राखीव क्षेत्रात गेलेल्या चढाईपटूमागे बचावपटू गेले तर बाद कोण. बरोबरी झाली तर पाच-पाच चढाया की आणखी काही. वजन केव्हा, कुठल्या काट्यावर. नाणेफेकीआधी सरपंचांनी, म्हणजे मैदानावरच्या मुख्य पंचांनी, ह्या ओळी दोन्ही कर्णधारांना वाचून दाखवाव्यात आणि गुणपत्रिकेच्या मागे त्यांच्या सह्या घ्याव्यात.

१५ जुलै हा शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात तो कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. त्या सुमारास भोर-वेल्ह्यात लावणीची घाई असते, पण संध्याकाळ मोकळी मिळू शकते. दोन्ही तालुक्यांतल्या मंडळांनी त्या दिवशी एकत्र बसावं, पंचांनाही बोलवावं आणि येत्या हंगामासाठी नियमांचं एक पान ठरवून घ्यावं. टेबलाशी बसून ते लिहून काढायला मी येईन.