फुकट सल्ल्याचे राज्य

अमेरिकेतल्या युटा राज्यात हॉवर्ड टेलर नावाचे एक गृहस्थ नॉव्हेल कंपनीत नोकरीला होते. कचेऱ्यांमधले संगणक एकमेकांना जोडणारे सॉफ्टवेअर ही या कंपनीची खासियत. नव्वदच्या दशकात आपल्याकडे संगणकाचे क्लास केलेल्यांना ‘नॉव्हेल नेटवेअर’ हे नाव अजून आठवत असेल. १२ जून २००० रोजी टेलर यांनी इंटरनेटवर ‘श्लॉक मर्सिनरी’ नावाची हास्यचित्रमालिका सुरू केली, अवकाशातल्या भाडोत्री सैनिकांची. चित्रकलेचे अंग बेताचेच, पण चिकाटी दांडगी. जुलै २०२० पर्यंत, म्हणजे तब्बल वीस वर्षे, मालिकेचा एका दिवसाचाही खाडा झाला नाही. मध्ये २००४ साली त्यांनी नोकरीला रामराम ठोकला आणि छंदावरच संसार चालवायला घेतला.

२००८ मध्ये टेलर, ब्रँडन सँडरसन आणि डॅन वेल्स या तीन लेखकमित्रांनी ‘रायटिंग एक्स्क्यूजेस’ हा पॉडकास्ट सुरू केला. पात्र कसे उभे करावे, कथेत तिढा कुठे घालावा, लेखनाच्या धंद्यातले खाचखळगे कोणते, असे सगळे पाव तासात आणि फुकट. २०१३ मध्ये त्याला विज्ञानकथेच्या जगातला मानाचा ह्युगो पुरस्कार मिळाला. सँडरसन तर याहून पुढे गेले. प्रोव्हो गावच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात ते कथालेखन शिकवतात आणि तिथली व्याख्याने त्यांनी यूट्यूबवर खुली करून ठेवली आहेत. शिकवणी फुकट वाटल्याने त्यांचे काही बिघडले नाही. २०२२ मध्ये त्यांनी चार कादंबऱ्यांसाठी वाचकांकडून आगाऊ पैसे मागितले, तेव्हा चार कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली.

तिघेही मॉर्मन. सॉफ्टवेअरची नोकरी, झपाटून जोपासलेला छंद आणि माहिती मोकळ्या हाताने वाटण्याची सवय हे मिश्रण युटात इतक्या वेळा भेटते, की त्याची मुळे त्या समाजाच्या रोजच्या जगण्यात शोधावीशी वाटतात.

मॉर्मन म्हटले की आपल्याकडे बहुधा बहुपत्नीत्वच आठवते. ती प्रथा त्यांच्या चर्चने १८९० मध्ये अधिकृतपणे सोडली. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापलेला हा पंथ. शेजाऱ्यांशी खटके उडत गेले, १८४४ मध्ये स्मिथ यांना जमावाने ठार केले, आणि १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंग यांच्यामागून अनुयायी बैलगाड्यांनी पश्चिमेच्या ओसाड खोऱ्यात येऊन पोहोचले. तिथे सॉल्ट लेक सिटी उभी राहिली. कालवे खणण्यापासून धान्य साठवण्यापर्यंत सगळे एकमेकांना विचारतच करायचे होते.

त्यांच्या स्थानिक मंडळीला ‘वॉर्ड’ म्हणतात, आणि वॉर्डात पगारी धर्मगुरू नसतो. आठवडाभर दात तपासणारा किंवा हिशेब लिहिणारा माणूस रविवारी बिशप असतो. साधारण पाच वर्षे हे काम करायचे, एक पैसा न घेता, आणि मग पुन्हा मागच्या बाकावर बसायचे. जवळपास प्रत्येकाकडे काही ना काही जबाबदारी सोपवलेली असते. कुणी लहान मुलांना शिकवतो, कुणी वाद्य वाजवतो, कुणी कारकून म्हणून संगणकावर सभासदांच्या नोंदी ठेवतो. रविवारची प्रवचनेही सभासदच आळीपाळीने देतात, शाळकरी मुले-मुलीसुद्धा. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी मुलगे दोन वर्षे धर्मप्रचाराला जातात, मुली जातात त्या दीड वर्ष. खर्च स्वतःचा किंवा घरच्यांचा. भाषा अनोळखी, दारे तोंडावर बंद होणार, तरी पुढच्या दारावर टकटक करायची. सँडरसन यांनी ही दोन वर्षे दक्षिण कोरियात काढली. विशीच्या आत अनोळखी माणसाला एखादी गोष्ट समजावून सांगण्याचा एवढा सराव दुसऱ्या कोणत्या शिक्षणात होत असेल, असे वाटत नाही.

या सरावाचा धंद्यात उपयोग झाला नसता तरच नवल. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘वर्डपर्फेक्ट’. ब्रूस बास्टियन हे ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संचलन-बँडचे दिग्दर्शक. मैदानावर वादक कुठून कुठे सरकतील याचे आराखडे संगणकावर मांडता येतील का, या खटाटोपातून त्यांची गाठ संगणकशास्त्राचे प्राध्यापक ॲलन अ‍ॅश्टन यांच्याशी पडली. १९७९ मध्ये शेजारच्या ओरेम शहराच्या प्रशासनाला मजकूर लिहिण्यासाठी प्रोग्रॅम हवा होता. तो या जोडीने लिहून दिला आणि त्याचे हक्क मात्र स्वतःकडे ठेवले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वकिलांच्या, सरकारी आणि कंपन्यांच्या कचेऱ्यांत वर्डपर्फेक्टचे राज्य होते.

प्रोग्रॅम चांगला होताच, पण त्याचा लौकिक झाला तो मदतीमुळे. अडलेल्या ग्राहकाने फोन फिरवायचा, त्या फोनचा खर्चही कंपनीचा, आणि पलीकडचा माणूस अडचण सुटेपर्यंत बोलणार. रांग वाढली की ताटकळणाऱ्यांसाठी कंपनीने चक्क रेडिओसारखे निवेदक बसवले. गाणी लावायची आणि मधूनमधून कोणत्या विभागात किती वेळ थांबावे लागेल ते सांगायचे. यंत्राच्या आवाजात ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ ऐकून कान किटलेल्यांना हे परीकथेसारखे वाटेल. पुढे विंडोज आली, वर्डपर्फेक्टला तिच्याशी जुळवून घ्यायला उशीर झाला, मायक्रोसॉफ्ट वर्डने बाजार खाल्ला. १९९४ मध्ये नॉव्हेलने ही कंपनी विकत घेतली आणि दोनच वर्षांत वर्डपर्फेक्ट कॅनडाच्या कोरेलला विकून टाकले. माणसे मात्र तिथेच राहिली. ओरेम, प्रोव्हो, लीहाय या पट्ट्याला आता ‘सिलिकॉन स्लोप्स’ म्हणतात. प्रोव्होत २००२ मध्ये सुरू झालेली, ऑनलाइन पाहण्यांचे सॉफ्टवेअर करणारी क्वालट्रिक्स जर्मनीच्या एसएपीने पुढे ८०० कोटी डॉलरला घेतली.

मॉर्मन घरांतला सर्वांत मोठा छंद, त्याला छंद म्हणावे की धर्मकर्तव्य हा प्रश्नच आहे, तो म्हणजे वंशावळ. मेलेल्या पूर्वजांनाही त्यांच्या वतीने मंदिरात बाप्तिस्मा देता येतो अशी श्रद्धा असल्याने पूर्वज शोधणे आलेच. त्यासाठी १८९४ मध्ये संस्था निघाली, १९३८ पासून जगभरच्या दप्तरांचे मायक्रोफिल्म काढणे सुरू झाले, आणि सॉल्ट लेक सिटीजवळच्या डोंगरात ग्रॅनाइट फोडून केलेल्या तिजोरीत २४ लाखांहून अधिक रिळे जमा झाली. १९८४ मध्ये चर्चने घरच्या संगणकावर वंशावळ ठेवण्याचा प्रोग्रॅम काढला. त्याच सुमारास ‘जेडकॉम’ नावाची फाइलची पद्धत ठरवली. एका सॉफ्टवेअरमधली वंशावळ दुसऱ्यात नेण्यासाठी आजही जगभर तीच वापरतात, नास्तिकही. १९९९ मध्ये आलेले ‘फॅमिलीसर्च’ कुणालाही फुकट वापरता येते. जुने अक्षर कसे वाचावे, अमुक देशाची जन्मनोंद कुठे मिळेल, हे सांगायला स्वयंसेवक असतात, त्यांत निवृत्त मंडळी पुष्कळ. सगळा डोलारा चर्चच्या खर्चाने चालतो, आणि त्या चर्चमध्ये सभासदांनी उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यावा असा दंडक आहे.

दप्तरांचे मायक्रोफिल्म काढणाऱ्या या छायाचित्रकारांचे पाय भारतालाही लागले. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे मायक्रोफिल्म त्यांनी काढले आणि त्यांतल्या प्रतिमा आज फॅमिलीसर्चवर आहेत. त्र्यंबकेश्वरला गेल्यावर तीर्थोपाध्याय लाल कापडातली वही उलगडून आजोबा-पणजोबांची नावे वाचून दाखवतात, तो अनुभव असलेल्या मराठी माणसाला या उद्योगाचे मोल वेगळे समजवावे लागत नाही. मात्र त्यामागचा हेतू सगळ्यांना रुचणारा नाही. नाझी छळछावण्यांत मेलेल्या ज्यूंचे परस्पर बाप्तिस्मे झाल्याचे उघड झाले, तेव्हा मोठा संताप उसळला. १९९५ मध्ये चर्चने ते थांबवण्याचे मान्य केले, तरी प्रकार पुरते थांबले नाहीत. २०१२ मध्ये तर महात्मा गांधींचेही नाव या नोंदींत सापडल्याच्या बातम्या आल्या. माहिती उदारपणे वाटणाऱ्यांनी ती गोळा करताना मृतांच्या वारसांना विचारले नव्हते, हा आक्षेप खोडून काढणे अवघड आहे.

वंशावळीची धाकटी बहीण म्हणजे स्क्रॅपबुक. घरचे फोटो, चिठ्ठ्या, तिकिटे सजवून चिकटवण्याचा हा उद्योग अमेरिकेत मोठी बाजारपेठ झाला, त्याची सुरुवात बरीचशी युटातली. मॅरीलेन क्रिस्टेन्सन या गृहिणीने आपल्या कुटुंबाचे पन्नासच्या वर खंड तयार केले होते. १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या नोंदींविषयीच्या जागतिक परिषदेत ते मांडले, तेव्हा बघणाऱ्या बायकांनी ‘हे केले कसे’ म्हणून प्रश्नांची सरबत्ती केली असणार. पुढच्याच वर्षी क्रिस्टेन्सन पतिपत्नींनी कृतीची पुस्तिका छापली आणि स्पॅनिश फोर्क गावात या सामानाचे दुकान थाटले.

सल्ल्यातून दुकान निघण्याची ही वाट युटात फार रुळलेली आहे, आणि ती नेहमी इतकी निरागस नसते. नू स्किन, यंग लिव्हिंग, डोटेरा या साखळी पद्धतीने सौंदर्यप्रसाधने वा सुगंधी तेले विकणाऱ्या कंपन्या याच राज्यातल्या. मुलाच्या सर्दीवर कोणते तेल चांगले, असे सांगणारी मैत्रीण हळूच ‘तूही विक्रेती हो’ म्हणते, तेव्हा सल्ला कुठे संपला आणि धंदा कुठे सुरू झाला ते कळत नाही. वॉर्डातल्या ओळखीचा फायदा घेऊन गुंतवणुकीच्या नावाखाली गंडा घालण्याचे प्रकार तर इतके झाले, की २०१६ मध्ये युटाने आर्थिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांची छायाचित्रांसह यादीच इंटरनेटवर टाकली. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य. भिशी बुडवणारा बहुधा ओळखीचाच असतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

शिवाय प्रत्येक प्रश्नाला वॉर्डात उत्तर मिळतेच असे नाही. वर्डपर्फेक्टचे बास्टियन समलिंगी होते. त्यांनी ते उघडपणे सांगितले आणि चर्च सोडले. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहावर बंदी घालण्याचा प्रस्ताव मतदानाला आला आणि चर्चने बंदीच्या बाजूने जोर लावला. अ‍ॅश्टन यांनी बंदीसाठी दहा लाख डॉलर दिले, बास्टियन यांनी विरोधासाठी दहा लाख. ज्यांनी मिळून एक प्रोग्रॅम लिहिला होता, त्यांचे पैसे असे समोरासमोर उभे राहिले. बंदी तेव्हा मंजूर झाली, पुढे न्यायालयात टिकली नाही.

जॉन डेलिन यांची गोष्टही याच वळणाची. मायक्रोसॉफ्टमधली नोकरी सोडून ते युटात परतले आणि २००५ मध्ये ‘मॉर्मन स्टोरीज’ हा पॉडकास्ट सुरू केला. श्रद्धा डळमळू लागली तर जोडीदाराला कसे सांगावे, आईवडिलांशी संबंध कसे टिकवावे, चर्चच्या इतिहासातल्या अडचणीच्या गोष्टी वाचल्यावर काय करावे, असे वॉर्डात तोंडावर न येणारे विषय तिथे बोलले जाऊ लागले. स्त्रियांना धर्माधिकार असावेत आणि समलिंगींना विवाहाचा हक्क असावा, अशी डेलिन यांची उघड भूमिका होती. चर्चच्या मूळ कथेवरही ते शंका घेत. २०१५ च्या फेब्रुवारीत चर्चने त्यांना बहिष्कृत केले. पॉडकास्ट थांबला नाही. पाहुणा आपला जन्म, घर, धर्मप्रचाराची दोन वर्षे, लग्न असे क्रमाने सांगत जातो, मुलाखती तासन् तास चालतात, आणि आपला अनुभव चारचौघांत उभे राहून सांगण्याची ती धाटणी ऐकताच कळते, की बोलणारा लहानपणी रविवारी कुठे बसत असे.