मृत्यूचा गडी, गावातलाच

फ्रान्सच्या वायव्य टोकाला, ब्रिटनी प्रांतातल्या प्लूमिलियो गावच्या चर्चमध्ये लाकडात कोरलेला एक सांगाडा आहे. एका हातात लांब दांड्याचा विळा, दुसऱ्या हातात फावडं. हा अंकू, ब्रेटन लोककथांमधला मूर्तिमंत मृत्यू. गावकरी मात्र त्याला ‘एर्वोआनिक’ अशा लाडक्या नावाने हाक मारत.

या जवळिकीचं कारण कथांमध्येच सापडतं. अनातोल ल ब्राझ यांनी ब्रिटनीच्या पश्चिम भागात शेतकरी, कोळी आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून मृत्यूविषयीच्या कथा ऐकून त्या १८९३ मध्ये पुस्तकरूपाने छापल्या. त्यांत अंकू देव नाही आणि सैतानही नाही. गावात वर्षाच्या शेवटी जो सर्वांत उशिरा मरतो, तो पुढच्या वर्षासाठी त्या गावाचा अंकू होतो. ते वर्ष सरलं की पाळी दुसऱ्याची. तो मृत्यूचा धनी नव्हे, मृत्यूचा गडी. एखाद्या वर्षी मरणं जास्त झाली, की यंदाचा अंकू दुष्ट निघाला असं लोक म्हणत. आपल्या दारात येणारा मृत्यू कालपर्यंत शेजारी राहत होता, ही कल्पना मला विलक्षण वाटते. परक्याच्या हाती जीव देण्यापेक्षा ओळखीच्या माणसाबरोबर जाणं लोकांना सोसवत असावं.

त्याचं रूप मात्र सौम्य नाही. कधी पांढऱ्या लांब केसांचा, रुंद काठाची टोपी घातलेला उंच, हडकुळा माणूस, तर कधी कफनात गुंडाळलेला सांगाडा. मान चहूकडे फिरते, म्हणून सारा मुलूख त्याच्या नजरेत असतो. त्याच्या घोडागाडीबरोबर दोन सोबती चालतात. एक घोडा धरतो, दुसरा घरांची दारं उघडतो आणि मेलेल्यांना गाडीत चढवतो. रात्री वाटेवर आस करकरताना ऐकू आली, की जवळपास कुणीतरी जाणार असं समजावं. विळ्याचं पातं उलटं, धार बाहेरच्या बाजूला. शेतकरी कापणी करताना विळा स्वतःकडे ओढतो, अंकू तो पुढे फेकतो.

या उलट्या पात्याची एक गोष्ट प्लूमिलियोचीच आहे. नाताळच्या आदल्या रात्री फान्श आर फ्लोख नावाच्या लोहाराने घरच्यांना मध्यरात्रीच्या प्रार्थनेला पाठवलं आणि एक चाक पुरं करायला तो मागे राहिला. कामाच्या नादात त्याला वेळेचं भान उरलं नाही. तेवढ्यात टोपीखाली तोंड झाकलेला एक अनोळखी माणूस आला. विळ्याला एक खिळा हवा होता. पातं उलटं बसवलंय हे लोहाराला दिसलं, तरी त्याने काम नीट करून दिलं. पाहुण्याने मजुरीऐवजी सल्ला दिला: आता निज, आणि बायको आली की तिला पाद्रीबुवांना बोलवायला पाठव. कोंबडा आरवला तेव्हा फान्श गेला होता. पवित्र वेळ मोडल्याची ही शिक्षा खरी, पण अंकू रागाने वागत नाही. तयारीला वेळ मिळावा म्हणून तो आधी सांगतो.

मृतांशी असा रोजचा सहवास ब्रिटनीत आला कुठून? एक उत्तर तिथल्या चर्चच्या आवारात आहे. सर्वांनाच चर्चमध्ये किंवा चर्चलगत पुरलं जायचं असे, जागा अपुरी पडे, म्हणून जुनी हाडं उकरून शेजारच्या अस्थिगृहात ठेवत. सोळाव्या-सतराव्या शतकांत लिननच्या कापडाच्या व्यापारातून श्रीमंत झालेल्या गावांनी ही अस्थिगृहं मोठ्या हौसेने बांधली. ला रोश-मोरिसच्या १६३९ च्या अस्थिगृहावर पवित्र पाण्याच्या कुंडावर अंकू कोरला आहे, आणि तो सर्वांना मारतो असं तिथे लिहिलं आहे. दर रविवारी प्रार्थनेला येणारा माणूस त्याच्यासमोरून आणि आपल्याच पणजोबांच्या हाडांजवळून जात असे. पुढे आरोग्याच्या कारणाने हाडं हलवली गेली आणि अस्थिगृहं रिकामी झाली. आज पर्यटकांसाठीच्या चित्रांत अंकूचं निव्वळ भूत होतं, ते मला खटकतं. ज्या श्रद्धेत मृत्यूचं काम दरवर्षी गावातल्याच एकाच्या वाट्याला येत होतं, तिचा गाभाच त्यात हरवतो.