भंडाऱ्याच्या कारखान्यांची वाट

5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. तो नागपूरला सुरू होतो. भंडारा तिथून साठेक किलोमीटर पूर्वेला. नागपूर-गोंदिया विस्तार कागदावर मंजूर आहे, भूसंपादनाची चर्चा गावोगाव सुरू आहे. म्हणजे भंडारा पुन्हा एकदा पुढच्या टप्प्यात गेला. हे मनाला लागते, कारण या जिल्ह्याला मार्गांची ददात कधीच नव्हती. मुंबई-हावडा लोहमार्ग इथून जातो, मुंबई-कोलकाता महामार्ग इथून जातो. तरीही गडेगाव, राजेगावच्या औद्योगिक पट्ट्यात गुंतवणूकदार यावेत म्हणून सवलतींची गाजरेच पुढे करावी लागतात. माझे म्हणणे असे की, आपल्याकडे नेहमी जिल्ह्यातून जाणारा रस्ता बांधला गेला, जिल्ह्यातल्या कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचणारा रस्ता मात्र कुणाच्याच जबाबदारीत आला नाही.

सुरुवात रेल्वेपासूनच झाली. 1880च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रूळ गेले तेव्हा ते भंडारा शहराला टाळून वरठीवरून गेले. शहराचे स्थानक म्हणून ‘भंडारा रोड’ हे नाव मिळाले, स्थानक मात्र दहा किलोमीटर दूर राहिले. तुमसरचेही तेच झाले, त्याचे ‘तुमसर रोड’ देव्हाडीला. त्यानंतरची बरीच दशके सांगण्याजोगी नाहीत. साठच्या दशकात जवाहरनगरला आयुध निर्माणी आली, ऐंशीच्या दशकात वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आणि गडेगावला अशोक लेलँड. 1984 साली प्रादेशिक असमतोलावरील दांडेकर समितीने विदर्भाच्या रस्त्यांचा अनुशेष मोजून दाखवला. 1 मे 1999 रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि जिल्ह्यातले एकमेव मोठे जंक्शन त्याच्यासोबत गेले. यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी. जे मोठे उद्योग इथे टिकले, त्यांनी आपली वाट सोबत आणली होती. सनफ्लॅग स्थानकाला खेटून उभा राहिला, आयुध निर्माणीसाठी वरठीहून स्वतंत्र रूळ टाकले गेले, अशोक लेलँड महामार्गावरच बसला, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणींना तुमसर-तिरोडी शाखामार्ग होता. ज्याच्याकडे असे काही नव्हते त्या लहान उद्योजकाला सगळा भार ट्रकभाड्यात मोजावा लागला.

खरा हिशेब 2008 ते 2018 या दशकाशी आहे. तेव्हा पैसा होता, राजकीय वजन होते, महामार्ग चौपदरी होत होता आणि पायाभरणीचे दगडही बसत होते. राष्ट्रीय महामार्ग 6, म्हणजे आजचा 53, याचे चौपदरीकरण दोन ठेक्यांत विभागले गेले. छत्तीसगड सीमेपासून वैनगंगा पुलापर्यंत सुमारे 80 किलोमीटरचा एक, नागपूरपासून वैनगंगा पुलापर्यंत सुमारे 45 किलोमीटरचा दुसरा. दोन्ही ठेक्यांची हद्द एकाच पुलाशी ठरली आणि त्या पुलाला चिकटून जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. दोन्ही बाजूंना टोल भरून आलेला अवजड ट्रक भंडारा शहरात आणि कारध्याच्या याच पुलावर अडकायचा. शहराबाहेरचा सहापदरी बायपास हे नंतरचे, वेगळे काम ठरले. नकाशा आखणाऱ्याला पुढची कोंडी दिसत नव्हती असे मी मानत नाही. ती कुणाच्याच करारात नव्हती, एवढेच. मोहघाट्याच्या जंगलात तर रस्ता दुपदरीच राहिला. नवेगाव-नागझिऱ्याला 2013 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, वाघांची ये-जा तिथूनच. जंगलाने उद्योग अडवला, ही तक्रार मला पटत नाही. प्राण्यांसाठी खालून वाट ठेवून उंचावरून रस्ता नेता येतो, हे पेंचमधल्या महामार्गाने आणि पुढे मोहघाट्यानेही दाखवले. तो विचार पहिल्या आराखड्यात असता, तर मधली वर्षे वाया गेली नसती.

त्याच दशकात, 2013 साली, साकोलीजवळ मुंडीपारला वीजनिर्मितीची यंत्रे बनवणाऱ्या भेलच्या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, तरुणांनी नोकरीची आशा धरली, आणि कारखाना उभा राहिलाच नाही. यावर एक आक्षेप रास्त आहे. भेल रस्त्याअभावी रखडला नाही, त्या काळात वीजक्षेत्राची मागणीच आटली होती. तसेच माडगीची युनिव्हर्सल फेरो आणि देव्हाड्याची एलोरा पेपर मिल रेल्वेच्या आसपास असूनही बंद पडल्या. मग वाहतुकीला दोष कसा द्यायचा? मान्य. नुसत्या रुळांनी कारखाना जगत नाही. विजेचा दर, बाजार, मालकाचे धोरण हे सगळे लागते. पण मोठा कारखाना गेल्यावर मागे काय उरते, हा प्रश्न वाहतुकीचाच आहे. मुंडीपारला कारखान्याआधी सर्वांसाठी ट्रक टर्मिनस, धर्मकाटा, गोदामे आणि स्थानकापर्यंत अवजड वाहतुकीचा पक्का रस्ता झाला असता, तर भेल न येताही त्या जागेचा उपयोग झाला असता. आपण सगळी मदार एका नावावर ठेवली, आणि त्या नावासोबत सगळेच गेले. लोकांना जमिनीचा मोबदला मिळाला म्हणजे त्यांचे देणे फिटले असे ज्यांना वाटते, त्यांनी तिथल्या पंचविशीतल्या मुलांशी एकदा बोलावे.

दुसरा आक्षेप असा की, लहान उद्योगाला रेल्वे हवीच कशाला, ट्रक दारात येतो. येतो, पण परतीचे भाडे मिळत नसेल तर रिकाम्या फेरीचा खर्च मालाच्या भाड्यात चढतो. मालगाडीच्या एका रॅकमध्ये साडेतीन-चार हजार टन माल मावतो. तेवढा तांदूळ एकट्या राइस मिलला भरता येत नाही. म्हणून तर सामायिक मालधक्का लागतो, जिथे तुमसर-मोहाडीच्या दहा गिरण्या मिळून एक रॅक भरतील. कंटेनर सील करण्यासाठी माल नागपूरला न्यायचा आणि तिथून बंदराकडे, हा फेरा निर्यात करणाऱ्या गिरणीला महाग पडतो. राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत विदर्भाला जास्त सवलती आहेत, त्या हव्यातच. मात्र करसवलतीची मुदत संपते, भाडे दर फेरीला द्यावे लागते.

आता राजनांदगाव-नागपूर तिसरी लाइन होते आहे, बायपासने जड वाहतूक शहराबाहेर नेली आहे, आणि गोंदियाकडे जाणारा द्रुतगती मार्ग येऊ घातला आहे. अशा मार्गावर हवे तिथे चढता-उतरता येत नाही. सगळे इंटरचेंजच्या जागेवर ठरते. शेतजमीन जाणारच असेल, तर तो इंटरचेंज गडेगाव-राजेगावला कुठे जोडला जाणार, जोडरस्त्याचा निधी कोणत्या खात्यातून येणार, वरठीच्या मालधक्क्यापर्यंत अवजड वाहन कोणत्या रस्त्याने जाणार, हे मोजणीचे खांब रोवण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लागले पाहिजे. वरठीहून जवाहरनगरकडे जाणाऱ्या बंद लोहमार्गाची जागाही त्याच आराखड्यात धरावी. शहरालगतची इतकी सलग सरकारी पट्टी पुन्हा मिळायची नाही, आणि तिच्यावरचे अतिक्रमण आराखड्याची वाट पाहत थांबणार नाही.