प्रोजेक्टचा विषय मिळाला, प्रश्न कुठे आहे?

बी.एस्सी.च्या शेवटच्या टप्प्यावर प्रोजेक्टची घोषणा झाली की महाराष्ट्रातल्या जीवशास्त्राच्या विभागांत काही शीर्षकं हमखास ऐकू येतात. तुळशीच्या अर्काची जिवाणूरोधक क्षमता, कॉलेजच्या आवारातली फुलपाखरं, जवळच्या नदीच्या पाण्याची तपासणी. यांतलं एकही काम मुळात वाईट नाही. पण हे सगळे नुसते विषय आहेत, आणि संशोधनाच्या प्रस्तावाला प्रश्न लागतो. सावलीत वाढलेल्या तुळशीचा अर्क उन्हात वाढलेल्या तुळशीइतकाच जिवाणूंची वाढ रोखतो का, असं विचारलं की काम सुरू होतं. त्याचं उत्तर ‘हो’ येऊ शकतं, ‘नाही’ही येऊ शकतं, आणि ते ठरवायला काय मोजावं लागेल हे आधीच सांगता येतं.

हा फरक आता अधिक महत्त्वाचा झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाची वाट निवडता येते आणि त्यात 12 श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. गुण चांगले म्हणजे तयारी झाली, असा समज इथूनच पसरतो. प्रत्यक्षात तीन वर्षांच्या प्रॅक्टिकलमध्ये कृती छापून मिळते, निकाल काय यायला हवा हे माहीत असतं आणि जर्नलवर सही झाली की काम संपतं. ही कौशल्यं उपयोगाची आहेतच. पण ज्याचं उत्तर सरांनाही ठाऊक नाही असा प्रश्न मांडण्याचा सराव त्यातून होत नाही. तो वेगळा करून घ्यावा लागतो.

सर्वांत जास्त नुकसान करणारा गैरसमज उपकरणांचा आहे. ‘आमच्या कॉलेजात पीसीआर मशीन नाही, मग संशोधन कसलं?’ हे वाक्य तालुक्याच्या गावी फार ऐकू येतं. पुण्याच्या गरवारे महाविद्यालयात शिकवत असताना मिलिंद वाटवे यांनी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन वेडा राघू या पक्ष्यावर केलेलं काम इथे आवर्जून वाचावं. हा पक्षी जमिनीत बीळ करून घरटं करतो आणि जवळपास धोका दिसला की आत शिरायला कचरतो. प्रश्न असा होता: पक्षी फक्त माणूस किती जवळ आहे ते पाहतो, की त्या माणसाला घरटं दिसतंय का याचाही अंदाज घेतो? त्यासाठी घरट्यापासून सारख्याच अंतरावरच्या दोन जागा निवडल्या. एकीवरून बिळाचं तोंड दिसायचं, दुसरीवरून नाही. बीळ दिसेल अशा जागी माणूस उभा असताना पक्षी कमी वेळा आत शिरले. हा अभ्यास 2002 मध्ये ‘अ‍ॅनिमल कॉग्निशन’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. त्याची सगळी ताकद अंतर सारखं ठेवण्याच्या त्या एका निर्णयात आहे. अंतर वेगवेगळं असतं, तर निकालाचा अर्थच लावता आला नसता.

बंगळुरूचे राघवेंद्र गदगकर यांनी गांधीलमाश्यांच्या समाजजीवनावर कित्येक दशकं काम केलं. अगदी कमी खर्चात उत्तम संशोधन कसं होतं, हे सांगणारं प्राणिवर्तनावरचं त्यांचं पुस्तक 2021 मध्ये आलं. आणि थोडं मागे जायचं तर चार्ल्स डार्विन यांनी तीन फूट बाय दोन फूट जमीन साफ करून तिथे उगवणाऱ्या रानरोपांवर खुणा केल्या होत्या. 357 पैकी 295 रोपं नष्ट झाली, बहुतेक गोगलगायी आणि किड्यांमुळे. तेवढी मोकळी जागा कोणत्याही कॉलेजच्या आवारात सापडेल.

आपल्या हातानं माहिती गोळा केली तरच ते संशोधन, हेही खरं नाही. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा 2023चा अहवाल 30,000हून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे 3 कोटी नोंदींवर उभा आहे आणि त्यात 942 जातींचा विचार झाला. अशा नोंदींचा मोठा साठा ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर अभ्यासासाठी मोफत मिळतो. नांदेडचा विद्यार्थी त्यातून आपल्या जिल्ह्याबद्दल प्रश्न विचारू शकतो. मात्र लोक सुट्टीच्या दिवशी आणि शहरांजवळ जास्त नोंदी करतात, त्यामुळे नोंदी वाढल्या म्हणजे पक्षी वाढले असं होत नाही. ही मर्यादा ओळखून तिच्यावर काय उपाय करणार, हे प्रस्तावात यायलाच हवं.

‘अजून कोणीच केलेलं नाही असं काहीतरी हवं’ या आग्रहापायी अनेक जण महिनोन् महिने विषयच शोधत बसतात. ज्ञात पद्धत नव्या ठिकाणी, नव्या ऋतूत किंवा नव्या जातीवर वापरणं हे पदवीच्या पातळीवर पुरेसं आहे, फक्त तसं करण्यामागचं कारण सांगता आलं पाहिजे. 2010 मध्ये ‘बायॉलॉजी लेटर्स’मध्ये इंग्लंडमधल्या ब्लॅकऑटन गावच्या शाळेतल्या आठ ते दहा वर्षांच्या मुलांचा शोधनिबंध आला. भुंग्यासारख्या जाड्या मधमाश्या रंग आणि त्यांची मांडणी यांचा मेळ घालून फुलं निवडायला शिकतात का, हा त्यांचा प्रश्न होता. त्या निबंधात संदर्भसूची नव्हती आणि आकृत्या मुलांनी रंगीत खडूंनी काढल्या होत्या. आधीचं काही न वाचण्याची ही सवलत लहान मुलांना होती. पदवीच्या विद्यार्थ्यानं आधीचे निबंध वाचलेच पाहिजेत, आणि वाचताना सारांशापेक्षा पद्धतीच्या भागावर जास्त वेळ द्यावा. किती नमुने, कुठून आणले, तुलना कशाशी केली? एवढं तीन-चार निबंधांतून नीट उतरवून काढलं तरी स्वतःच्या प्रस्तावाची अर्धी रचना हाताशी येते.

आता पुन्हा तुळशीकडे, कारण सर्वांत खोल गैरसमज तिथेच दिसतो. एका रोपाची पानं घेतली, इथेनॉलमध्ये अर्क काढला, तीन पेट्री प्लेटमध्ये टाकला आणि वाढ रोखलेलं वर्तुळ तीनदा मोजलं. मग लिहिलं जातं, ‘नमुने तीन’. खरं तर नमुना एकच आहे, कारण रोप एकच आहे. त्या तीन मापांतून फक्त मोजणी किती सारखी झाली ते कळतं. तुळशीबद्दल काही म्हणायचं असेल तर वेगवेगळी रोपं हवीत. परिसंस्थांचे अभ्यासक स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये 176 प्रकाशित प्रायोगिक अभ्यास तपासले, तेव्हा 27 टक्क्यांत हाच दोष निघाला. मुरलेल्या संशोधकांचीही इथे गफलत होते, तेव्हा विद्यार्थ्याला हे आधी समजावून देणं ही शिक्षकाची जबाबदारी आहे. दुसरी गोष्ट इथेनॉलची. ते स्वतःच जिवाणूंना मारतं, म्हणून नुसतं इथेनॉल टाकलेली प्लेट नसेल तर दिसलेला परिणाम तुळशीचा की द्रावकाचा, हे सांगता येत नाही. वर्तुळ मोठं म्हणजे औषध जास्त प्रभावी, हेही सरळ मानता येत नाही. तो पदार्थ अगारमधून किती सहज पसरतो यावरही वर्तुळाचा आकार अवलंबून असतो.

हे सगळं प्रयोगानंतर लक्षात आलं तर उपाय उरत नाही. प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे गेलं तर तो फार तर शवविच्छेदन करून मृत्यूचं कारण सांगेल, अशा अर्थाचं रोनाल्ड फिशर 1938 मध्ये भारतीय सांख्यिकी परिषदेत बोलले होते. म्हणून माहितीचं विश्लेषण कसं करणार हे प्रस्तावातच लिहायचं, आणि शक्य तर खोट्या आकड्यांचा एक तक्ता भरून ते आधी करून पाहायचं.

गृहीतक खोटं ठरलं तर गुण जातील, ही भीती विद्यार्थ्यांना आकडे वाकवण्याकडे नेते. रचना चोख असेल तर ‘फरक आढळला नाही’ हाही निकालच असतो, आणि परीक्षकांनी तो तसाच वाचायला हवा.

परवानग्या नंतर बघू, हे मात्र चालतच नाही. अभयारण्यात अभ्यासासाठी जायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. उंदरांवर प्रयोग करायचा तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मान्यता हवी. माणसांना प्रश्नावली द्यायची तर त्यांची संमती हवी. शिवाय निसर्गाचं वेळापत्रक सत्राच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. कासच्या पठारावरचा मुख्य बहर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असतो. त्यावरचा प्रस्ताव डिसेंबरात मंजूर झाला तर वर्ष गेलंच.

स्वतंत्र संशोधन म्हणजे एकट्यानं करायचं काम, असंही काहींना वाटतं, तर काही विभागांत गाईडच विषयांची यादी वाटतात. दोन्हीकडे विद्यार्थी निर्णय घ्यायला शिकत नाही. पहिल्या वर्षापासून निरीक्षणाची एक वही ठेवायला लावावी आणि त्यात दर आठवड्याला पाहिलेलं काही तरी व त्यातून सुचलेला एक प्रश्न लिहायला सांगावा. चौथ्या सत्रात प्रत्येकानं दोन पानांचा प्रस्ताव लिहावा. वर्गमित्रांनी तो वाचून एवढंच विचारावं की कोणता आकडा आला तर तू म्हणशील की माझा अंदाज चुकला? त्याचं उत्तर देता आलं की आठवडाभराची छोटी चाचणी घ्यावी, आणि तिच्यात जे बिघडेल ते दुरुस्त करून मग प्रस्ताव विभागाकडे द्यावा.