वाहक उंदरांच्या रक्तात

१९३५ साली प्रिन्स्टनच्या रॉकफेलर संस्थेत एरिक ट्राउब यांना प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांत एक विषाणू सापडला. सेंट लुईमधल्या १९३३ च्या मेंदूज्वराच्या साथीचा तपास करताना चार्ल्स आर्मस्ट्राँग यांच्याही हाती तोच लागला होता. नाव लांबलचक, लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस. प्रयोगशाळांत मात्र एलसीएमव्ही. मोठ्या उंदराच्या मेंदूत तो टोचला की उंदीर सहसा दगावतो. आईच्या पोटातच लागण झालेली पिल्ले मात्र जगतात, वाढतात आणि जन्मभर विषाणू बाळगतात. तेव्हाच्या चाचण्यांत या वाहक उंदरांच्या रक्तात प्रतिपिंडे काही दिसत नव्हती.

बर्नेट आणि फेनर यांनी १९४९ मध्ये हे निरीक्षण उचलले. गर्भावस्थेत जे भेटते ते शरीर आपलेच मानते, या त्यांच्या मांडणीला जुळ्या वासरांच्या जोडीने या उंदरांचाही आधार होता. मेडावार यांच्या त्वचारोपणाच्या प्रयोगांनी ती पक्की केली आणि १९६० चे नोबेल दोघांना, बर्नेट व मेडावार यांना, मिळाले. सिद्धांत टिकला. ज्या उंदरावरून तो सुचला, त्याच्याबद्दलचा समज मात्र टिकला नाही.

मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते ते १९६७ चे काम. कॅलिफोर्नियात ला होया इथे मायकेल ओल्डस्टोन आणि फ्रँक डिक्सन यांनी दाखवले की वाहक उंदीर प्रतिपिंडे बनवतात, आयुष्यभर बनवत राहतात. रक्तात विषाणूच इतका असतो की तयार झालेले प्रतिपिंड लगेच त्याला चिकटते. मोकळे उरतच नाही, मग चाचणीत दिसणार कसे? या चिकटलेल्या जोड्या मूत्रपिंडाच्या गाळणीत साचतात आणि ती हळूहळू निकामी होते. तीस वर्षे ज्याला शांतता म्हटले गेले, तो आजार होता.

पुढे प्रश्न बदलला: प्रतिपिंडे बनतात, पण कशी? १९८७ मध्ये ब्रुसेल्सच्या कुतेलिए यांच्या गटाला आढळले की निरनिराळ्या विषाणूंच्या लागणीनंतर उंदरांत प्रतिपिंडांच्या आयजीजी-२ए याच उपप्रकाराचे पारडे जड होते. नुसती प्रथिने टोचली, तर बहुधा आयजीजी-१ वाढते. म्हणजे लागण प्रतिपिंडांचे प्रमाणच नव्हे, जातही ठरवते.

२००३ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी आणखी एक विसंगती उलगडली. एलसीएमव्हीच्या लागणीत उंदरांच्या रक्तातली प्रतिपिंडे भरमसाट वाढतात, पण त्यांतली बरीचशी विषाणूविरुद्ध नसतातच. काही तर स्वतःच्याच शरीराविरुद्ध असतात. विषाणूमुळे चेतलेल्या मदतनीस टी-पेशी प्रतिपिंडे बनवणाऱ्या भलत्याच बी-पेशींनाही कामाला लावतात. विषाणू निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे मात्र कित्येक आठवड्यांनी उगवतात. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी झालेल्या माणसांतही हेच चित्र दिसते, म्हणून या उंदरांकडे इतके लक्ष.

हा उशीर का, याचे उत्तर २०१६ मध्ये बाझेल, मिलान आणि बेथेस्डा इथल्या तीन गटांनी एकाच सुमारास दिले. सुरुवातीच्या दिवसांत उसळणारे टाइप-१ इंटरफेरॉन, विषाणूला रोखणारे म्हणून आपण ओळखतो तेच, विषाणू ओळखणाऱ्या बी-पेशींचा बळी घेते. एका गटाला त्या अल्पायुषी प्रतिपिंड-उत्पादक होऊन संपताना दिसल्या, दुसऱ्याला दाहक मोनोसाइट्स त्यांना मारताना, तिसऱ्याला शरीराच्याच मारेकरी टी-पेशी. इंटरफेरॉनचा संदेश अडवला, तेव्हा त्या बी-पेशी वाचल्या.