दहा मीटरवरचा अंतरपाट

मंगल कार्यालयात व्हिडिओवाल्याची जागा यजमान ठरवत नाहीत, पाहुणे ठरवतात. मुलीचे वडील सकाळी बजावतात, ‘ताई, तुम्ही अगदी पुढेच राहा.’ अंतरपाट धरायची वेळ झाली की दोन्हीकडच्या मावश्या, आत्या आणि कॉलेजच्या मैत्रिणी मोबाइल उंचावून स्टेजच्या पायऱ्या अडवतात. त्यांना हटवणं माझं काम नव्हे, लग्न त्यांचं आहे. पण शेवटच्या ‘सावधान’नंतर पाट खाली जातो आणि अक्षतांच्या माऱ्यात दोघं एकमेकांकडे बघतात, ते दोन सेकंद पुन्हा मिळत नाहीत. म्हणून मी हॉलच्या मागच्या अंगाला जाते, स्टुलावर चढते आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून बघते. अंबरनाथ, बदलापूरच्या बऱ्याच कार्यालयांत हे अंतर दहा मीटरच्या आसपास भरतं. टेलीफोटो झूम निवडायची ती या दहा मीटरांवरून.

धंद्यात नवी आलेली मुलं विचारतात, ‘ताई, सत्तर-दोनशे घेऊ की सत्तर-तीनशे?’ मी आधी त्यांची बॉडी विचारते. फुल फ्रेम सेन्सर असेल तर २०० मिलिमीटरला दहा मीटरवरून साधारण १.८ मीटर रुंदीचं चित्र येतं. नवरानवरी कमरेपासून वर आणि मध्ये अंतरपाट, बरोब्बर. तिथेच उभं राहून ७० वर आलात तर चौकट पाच मीटरांची होते. मामा, भटजी, करवल्या सगळे आत. कॅननच्या लहान सेन्सरच्या बॉडीवर हेच आकडे १.१ मीटर आणि ३.२ मीटर होतात. म्हणजे लांबून बघायला उत्तम, पण उल्हासनगरच्या एखाद्या अरुंद हॉलमध्ये सहा मीटरवरच पाठ भिंतीला टेकली तर ७० वरही दोन मीटरांहून कमी रुंदी हाती लागते. जोडपं आलं की आईबाप बाहेर. ३०० चा आकडा ऐकायला मोठा वाटतो. आमच्या हॉलांत तेवढं लांब जाताच येत नाही.

आता उजेड. फोटोवाल्याकडे फ्लॅश असतो, आमच्याकडे नाही. शिवाय शटर आमच्या हातात नसतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. व्हिडिओ २५ फ्रेमचा आणि शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवलं की लुकलुक दिसत नाही आणि हालचालही डोळ्याला दिसते तशीच मऊ राहते. तिथे शटर अडकलं. उरलं छिद्र आणि आयएसओ. स्वस्त झूम लेन्सवर ‘४-५.६’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा, की झूम करत टोकाला गेलात की छिद्र ५.६ वर येतं आणि चालू शॉटमध्येच चित्र काळवंडतं. २.८ ची लेन्स ७० पासून २०० पर्यंत २.८ च राहते आणि ५.६ च्या चौपट उजेड आत घेते. जिथे आयएसओ ६४०० लागला असता तिथे १६०० वर भागतं. नवरदेवाच्या काळ्या शेरवानीत वळवळणारे दाणे दिसतात की कापड दिसतं, हा फरक त्यातून पडतो.

पूर्वी यावरचा उपाय म्हणजे सनगन. एक मुलगा, हजार वॅटचा हॅलोजन आणि भटजींच्या पायात येणारी वायर. नवरीचे डोळे मिटलेले, कपाळावर घाम. निकॉनचा डी९० हा व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर २००८ मध्ये आला, त्याच वर्षी कॅननचा ५डी मार्क टू आला, आणि पुढच्या काही वर्षांत खांद्यावरचे पॅनासॉनिक कॅमेरे कपाटात गेले. माझ्या मते लग्नाच्या व्हिडिओत झालेली सर्वांत मोठी सुधारणा ‘सिनेमॅटिक’ वगैरे नसून तो हॅलोजन गेला ही आहे.

पण २.८ हे दुधारी आहे. फुल फ्रेमवर २०० मिलिमीटर, २.८ आणि विषय पाच मीटरवर असेल, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम दहा सेंटिमीटर खोल. तीन मीटरवर तो चार सेंटिमीटरांच्या आत येतो: नथ स्पष्ट, कानातले झुबे धूसर. नवरी हसून जरा पुढे झुकली की चेहराच गेला. म्हणून उजेड असेल तेव्हा मी खुशाल ४ वर जाते. उल्हासनगरची मी केलेली बहुतेक सिंधी लग्नं रात्रीची, लखलखाटाची. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन राहिलेल्या कुटुंबांचं हे शहर. लग्नात हात आखडता घेणं इथे कुणाला जमत नाही. स्टेजवर इतके एलईडी असतात की ४ ची लेन्सही सहज चालावी. कॅननची ७०-२०० एफ ४, दुसरी आवृत्ती, ७८० ग्रॅमची आहे. २.८ ची दुसरी आवृत्ती १४९० ग्रॅमची, जवळजवळ दुप्पट. फक्त अशा हॉलांतच काम असेल तर मी हलकीच घ्या म्हणेन, मनगटं दुवा देतील.

माझं काम तेवढंच नाही. बदलापूरच्या आसपासच्या गावांत आगरी हळदी असतात. अंगणात मांडव, दोन-चार दिवे, एका कोपऱ्यात धवलारीण लग्नातला धवला गात बसलेली. तिच्या तोंडासमोर कॅमेरा नेला की ती पदर सावरते, आवाज आखडतो, आणि सुनेकडे बघून ‘बंद कर ते’ अशी खूण करते. आठ मीटरवरून, मांडवाच्या खांबाला टेकून बघितलं तर पाच मिनिटांत तिला माझा विसर पडतो. मग हात मोकळे होतात. ती ओळ सुरू करताना तर्जनी हळूच वर नेते, बाकीच्या बायकांनी उचलली की तळहात मांडीवर आपटते. असे तास मी २.८ वर, सगळं उघडं ठेवून काढते. दोनशेच्या टोकाला ४ वर गेले तर आयएसओ दुप्पट करावा लागतो आणि तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांचं पीठ होतं.

ही लेन्स एवढी जड का, याचं उत्तर साध्या भागाकारात आहे. २०० ला २.८ ने भागा, ७१ येतात. म्हणजे उजेड जायला निदान ७१ मिलिमीटरची वाट हवी. म्हणून समोर ७७ मिलिमीटरचा फिल्टर बसेल एवढी काच. यात कंपन्यांची चलाखी काही नाही. बॉडी धरून वजन सव्वादोन किलोच्या पुढे जातं आणि हळद चार तास चालते. हातात धरून शॉट घेण्याचा हट्ट पोरांनी करावा. मी मोनोपॉड वापरते, आणि तो कॅमेऱ्याच्या तळाला नाही, लेन्सच्या कॉलरला लावते. नाहीतर सगळा भार पुढे झुकतो.

स्थिरीकरण म्हणजे कॅननवर ‘आयएस’, निकॉनवर ‘व्हीआर’, टॅमरॉनवर ‘व्हीसी’. व्हिडिओसाठी ते मी २.८ च्या बरोबरीनं महत्त्वाचं मानते. सिग्माची ५०-१०० एफ १.८ ही २०१६ ची लेन्स लहान सेन्सरसाठी बनवलेली, २.८ पेक्षा जवळजवळ अडीच पट उजेड घेते, अरुंद हॉलला तिचा पल्लाही छान. पण तिच्यात स्थिरीकरण नाही आणि वजन तेच दीड किलो. ट्रायपॉडवरच ठेवणार असाल तर जरूर घ्या. ट्रायपॉड आहे म्हणून निर्धास्त मात्र राहू नका. कल्याण-कर्जत रुळांलगतच्या इमारतीत एक्स्प्रेस गेली की फरशी किंचित थरथरते. ५० मिलिमीटरला ते कळतही नाही, २०० ला सगळं स्टेज जेलीसारखं लवतं, कारण डीएसएलआरचा सेन्सर चित्र वरून खाली एकेक ओळ करत वाचतो.

व्हिडिओतली आणखी एक गोष्ट फोटोवाल्यांच्या सल्ल्यात सापडत नाही. चालू शॉटमध्ये झूम केलं तर फोकस टिकतो का? जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या लेन्स तशाच बनवलेल्या असत. फोटोच्या लेन्सवर त्याची हमी नाही. शिवाय जवळचा-दूरचा फोकस बदलताना चौकट लहानमोठी होते. निकॉनची २००९ ची ७०-२०० व्हीआर टू यासाठी प्रसिद्ध आहे, जवळ फोकस केला की तिचे २०० मिलिमीटर बरेच आक्रसतात. २०१६ च्या आवृत्तीत त्यांनी हे पुष्कळ सुधारलं. मॅन्युअल फोकसची रिंगही हातात धरून बघावी. कॅननच्या यूएसएम लेन्सची रिंग टोकाला पोचली तरी फिरतच राहते. अंधारात टोक कुठे ते बोटांना समजत नाही.

दिवसा प्रश्न उलटा. प्री-वेडिंगला जोडपी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ किंवा बदलापूरला नदीकाठी जायचं म्हणतात. १०६० सालच्या त्या मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर उंच कोरलेल्या मूर्ती लांब लेन्सनेच नीट दिसतात, तो आनंद वेगळा. पण कडक उन्हात शटर पन्नासवर आणि छिद्र २.८ वर ठेवायचं तर उजेड चौसष्ट पटींनी कमी करावा लागतो. त्यासाठी ७७ चा चांगला एनडी फिल्टर हवा. स्वस्त व्हेरिएबल एनडीने ७० वर काही बिघडत नाही, २०० वर मात्र महागड्या लेन्सचं चित्र मऊ पडतं.

लोक मिररलेसकडे वळल्यापासून या लेन्स जुन्या बाजारात भरपूर मिळतात, आणि कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून नव्या आरएफ बॉडीवरही चालतात. त्यामुळे मी नवीन घ्यायच्या भानगडीत पडले नाही. आधी एका लग्नापुरती भाड्याने आणली, मग सकाळची लोकल पकडून फोर्टात गेले. जुनी लेन्स बघायला जाताना स्वतःची बॉडी आणि एक टॉर्च न्यावी. मागून टॉर्च मारून समोरून बघायचं: काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती कुणाच्याही बॅगेत वाढते आणि आत गेली की साफसफाई महागात पडते. मग स्थिरीकरण चालू करून कान लावायचा, आवाज विचित्र वाटला तर सावध व्हायचं. शेवटी दुकानाच्या दारात उभं राहून रस्त्यापलीकडच्या पाटीवर २०० ला फोकस करायचा, रेकॉर्डिंग चालू ठेवून ७० पर्यंत यायचं, परत जायचं, आणि ती क्लिप तिथेच लॅपटॉपवर मोठी करून पाहायची. दुकानदार घाई करू लागला तर लेन्स काउंटरवर ठेवून निघावं, पुढचं दुकान चार पावलांवरच आहे.