पाणी कशावर तापवता?

दम्याचा किंवा जुनाट खोकल्याचा रुग्ण आला की मी आधी विडी-तंबाखूची चौकशी करतो आणि मग विचारतो, "अंघोळीचं पाणी कशावर तापवता?" "गॅस आहे की, डॉक्टर," असे उत्तर येते. थोडे खोदून विचारले की कळते, गॅसवर फक्त स्वयंपाक. सिलिंडर पुरवून वापरायचा, म्हणून पाणी चुलीवर. चुलीत बांधकामावरच्या फळ्या, पुठ्ठे, चिंध्या. पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी!

2016 मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरिबाघरी गॅस नेला, ही मोठीच गोष्ट. पण पुढचा सिलिंडर भरण्याची ऐपत जोडणीबरोबर येत नाही. धुरातले अडीच मायक्रॉनहून लहान कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे. ते नाकात अडत नाहीत. थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, काही रक्तातही उतरतात. त्यामुळे दम्याइतकाच हृदयविकाराचाही धोका वाढतो. शिवाय हा धूर घरात थांबत नाही. थंडीत पहाटेची हवा जड असते आणि शे-दीडशे चुलींचा धूर वस्तीवरच तरंगत राहतो.

काय जाळायचे हे जसा पैसा ठरवतो, तसे कुठे राहायचे हेही तोच ठरवतो. मुंबईत तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटविल्यावर हजारो कुटुंबांना चेंबूरजवळ माहुलला घरे दिली. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या. तिथल्या हवेपासून प्रकृतीला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2015 मध्येच म्हटले होते. कोणालाही तिथे सक्तीने पाठवू नये, असे उच्च न्यायालयाने सांगितले ते 2019 मध्ये. मधली वर्षे त्या लोकांनी श्वास कुठला घ्यायचा? अशा रुग्णाला "हवापालट करा" हा सल्ला मला तरी देववत नाही.

जमेल तेवढे सांगतो. चूल दाराबाहेर मोकळ्यावर मांडा, लहान मूल आणि गरोदर बाई यांना तिच्यापासून दूर ठेवा. लाकूड वाळलेलेच घ्या. प्लॅस्टिक, टायर, रंगवलेली फळी अजिबात जाळू नका. त्यांचा धूर साध्या लाकडापेक्षा कितीतरी विषारी. डॉक्टरांनी फवाऱ्याचे औषध दिले असेल तर बरे वाटताच परस्पर थांबवू नका. त्याची सवय लागते ही समजूत चुकीची आहे. आणि खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर धुरावर ढकलू नका. क्षयासाठी थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.